हार्टवर्म आणि नाशिकचा कुत्रा: आधी रक्त तपासा, मग गोळी सुरू करा

नाशिकमध्ये कुत्र्याला ताप आला, खाणं सुटलं, कोपऱ्यात पडून राहायला लागला की पहिला संशय गोचीड-तापावर जातो आणि बहुतेक वेळा तो खराही निघतो. हार्टवर्मचं, म्हणजे डासांमार्फत पसरणाऱ्या हृदयातल्या जंताचं, नाव त्या मानाने इथे कमी ऐकू येतं. त्यामुळे लोकांची दोन टोकं दिसतात. काही जण ‘आपल्याकडे हे नसतंच’ म्हणून विषय सोडून देतात. काही जण परदेशी व्हिडिओ बघून घाबरतात आणि औषधाच्या दुकानातून गुरांचं आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक आणून घरीच कुत्र्याला टोचतात. माझ्या मते पहिल्यापेक्षा दुसरं टोक जास्त घातक.

या आजारात कामांचा क्रम चुकला की चांगलं औषधही अंगावर येतं. आधी रक्ताची तपासणी, मग महिन्याची गोळी, तिच्या जोडीला डासांचा बंदोबस्त, आणि जंत निघालाच तर घाई न करता उपचार. खाली दिलेले डोस डॉक्टरांशी नीट बोलता यावं एवढ्यासाठी आहेत. चिठ्ठी त्यांनीच लिहायची.

जंत येतो कुठून, राहतो कुठे

हार्टवर्म, शास्त्रीय नाव डायरोफायलेरिया इमिटिस, फक्त डासामार्फत पसरतो. आजारी कुत्र्याचं उष्टं खाल्लं, त्याच्याशी दंगामस्ती केली, त्याने चाटलं, तरी लागण होत नाही. डास अशा कुत्र्याचं रक्त पितो तेव्हा रक्तातली जंताची सूक्ष्म पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, डासाच्या पोटात जातात. उबदार हवेत दहा-पंधरा दिवसांत त्यांच्या लागण करू शकणाऱ्या अळ्या होतात. मग डास दुसऱ्या कुत्र्याला चावला की त्या चाव्याच्या छिद्रातून अळी आत शिरते.

शिरल्या शिरल्या ती हृदयात जात नाही. पहिले दोनेक महिने ती कातडीखाली आणि स्नायूंत वाढते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात रक्तातून फुफ्फुसांच्या धमन्यांत पोचते आणि लागण झाल्यापासून सहा-सात महिन्यांनी स्वतःची पिल्लं रक्तात सोडू लागते. नावात हृदय असलं तरी जंताचं बिऱ्हाड मुख्यतः फुफ्फुसांकडे जाणाऱ्या धमन्यांत असतं. संख्या वाढली की तो हृदयाच्या उजव्या कप्प्यांत उतरतो. पूर्ण वाढलेली मादी 25 ते 30 सेंटिमीटर लांब, शिजलेल्या शेवईसारखी पांढरी आणि बारीक. कुत्र्याच्या अंगात हा जंत पाच ते सात वर्षं जगतो.

हे वेळापत्रक लक्षात ठेवा, कारण औषधाचं सगळं गणित त्यावर आहे. महिन्याची गोळी डासाला चावण्यापासून रोखत नाही. मागच्या महिनाभरात आत शिरलेल्या कोवळ्या अळ्या ती मारते. अळी दोन महिन्यांच्या पुढे गेली की त्याच गोळीला दाद देत नाही आणि धमनीत पोचलेल्या मोठ्या जंताचं तर ती लगेच काही वाकडं करू शकत नाही. म्हणून ‘एक महिना चुकला तर काय होतंय’ या प्रश्नाचं उत्तर आहे: एखाद्या अळीला निसटायला तेवढं पुरतं.

नाशिकला धोका किती

भारतात खरा हार्टवर्म मुख्यतः ईशान्येकडचा. आसाम, मिझोराम या पट्ट्यात तो कुत्र्यांमध्ये चांगला मुरलेला आहे. दक्षिणेत आणि पश्चिमेकडे त्याचा चुलतभाऊ जास्त सापडतो, डायरोफायलेरिया रिपेन्स. तो कातडीखाली राहतो, कधी गाठी करतो, कधी खाज, पण हृदयाच्या वाटेला जात नाही. तिसरा एक आहे अ‍ॅकँथोकायलोनेमा, पिसवा आणि उवांतून पसरणारा आणि बराचसा निरुपद्रवी. तिघांचीही पिल्लं कुत्र्याच्या रक्तात फिरतात, त्यामुळे स्लाइडवर पहिल्या नजरेला तिन्ही सारखी दिसतात. नाशिकच्या कुत्र्याच्या रक्तात ‘फायलेरिया दिसला’ म्हणजे लगेच हार्टवर्म असं होत नाही, ते या कारणाने.

मग इथे काळजी कुणी करायची? कुत्रा कुठून आला आणि कुठे फिरतो, हे आधी बघा. देवळाली कॅम्पात लष्करी कुटुंबांच्या बदल्या होत असतात. तेजपूर, जोरहाटहून आलेल्या कुटुंबाबरोबर त्यांचा लॅब्रेडॉरही येतो आणि त्याच्या रक्तात काय आलंय ते कुणी पाहिलेलं नसतं. ऑनलाइन जाहिरात बघून बाहेरच्या राज्यातून मागवलेलं मोठं कुत्रं, दत्तक घेतलेलं कुत्रं, सुट्टीत मालकाबरोबर ईशान्येला किंवा केरळला फिरून आलेलं कुत्रं, ही सगळी पहिल्या रांगेत. त्यानंतर रात्रंदिवस उघड्यावर असणारी कुत्री: दिंडोरी-निफाडकडच्या बागांवरचे राखणदार, गंगापूर रोडच्या बंगल्यांतले, नासर्डी नि वाघाडीच्या काठच्या वस्त्यांतले. बाहेरून एक लागण झालेला कुत्रा आला तर पुढचं काम करायला डास इथे भरपूर आहेत. क्युलेक्स, एडिस, अ‍ॅनोफिलिस, तिन्ही गटांतले डास हा जंत वाहून नेऊ शकतात.

‘थंडीत नाशिकला डास कमी, तेव्हा गोळी बंद ठेवू’ हेही नेहमी ऐकायला मिळतं. हिशोब करून बघा. डासाच्या अंगात ही अळी 14 अंश सेल्सिअसच्या खाली वाढत नाही. त्या दिवसाचं सरासरी तापमान 14 च्या वर जितके अंश, तितके रोज जमा धरायचे. बेरीज साधारण 130 झाली की अळी तयार. सरासरी 27 अंश असेल तर रोज 13, म्हणजे दहा दिवस. जानेवारीत निफाडचा पारा पहाटे कितीही खाली गेला तरी दुपारी ऊन असतंच. दिवसाची सरासरी 20 अंश धरली तर रोज 6, म्हणजे बावीस दिवसांच्या आसपास. तेवढे दिवस जगणारे डास असतात. थंडीने वेग मंदावतो, चक्र थांबत नाही. गोळी सुरू करायची ठरवली तर ती बाराही महिने.

पहिली पायरी: रक्ताची तपासणी

सात महिन्यांच्या आतल्या पिल्लाला तपासणीशिवाय गोळी सुरू करता येते, कारण जंत असला तरी तो तपासणीत दिसण्याइतका वाढलेलाच नसतो. पिल्लू आठ आठवड्यांचं झालं की प्रतिबंधक औषधाचं डॉक्टरांशी बोलून घ्यावं. सात महिन्यांच्या पुढच्या कुत्र्याला मात्र आधी तपासणी. रक्तात मायक्रोफायलेरिया खच्चून भरलेले असताना काही औषधं, विशेषतः मिल्बेमायसिन, त्यांना एकदम मारतात. मेलेल्या पिल्लांचा तो लोंढा अंगाला सोसत नाही आणि कुत्रा काही तासांत शॉकमध्ये जाऊ शकतो. हिरड्या पांढऱ्या पडणं, उलट्या, लाळ, धाप, कोसळणं ही त्याची खूण.

तपासण्या दोन, आणि दोन्ही करून घ्याव्यात. पहिली अँटिजेन किट. पायाच्या शिरेतून थोडं रक्त घेऊन पट्टीवर टाकतात, दहा-पंधरा मिनिटांत रेघ उमटते. ‘फोर इन वन’ म्हणून मिळणाऱ्या किटमध्ये हार्टवर्मबरोबर एर्लिकिया, अ‍ॅनाप्लाझ्मा आणि लाइम या गोचिडीतून पसरणाऱ्या आजारांचीही तपासणी होते. नाशिककरांसाठी हीच सोयीची, कारण गोचीड-तापाचं उत्तरही त्याच रक्तात मिळून जातं. किट पकडते ते मोठ्या मादीने सोडलेलं प्रथिन. म्हणून अंगात फक्त नर असतील, माद्या एक-दोनच असतील किंवा लागण सहा महिन्यांच्या आतली असेल, तर किट ‘निगेटिव्ह’ म्हणून मोकळी होते.

दुसरी तपासणी सूक्ष्मदर्शकाखालची. काचेवर ताज्या रक्ताचा एक थेंब ठेवून पाहिला तर तांबड्या पेशींच्या गर्दीत काहीतरी वळवळताना दिसतं. हार्टवर्मचं पिल्लू बहुतेक एकाच जागी वळवळतं, अ‍ॅकँथोकायलोनेमाचं पेशी बाजूला सारत सरळ पळतं. हा अंदाज झाला. नक्की करायचं तर नॉट पद्धत: 1 मिली रक्तात 2 टक्क्यांचं फॉर्मेलिन 9 मिली मिसळायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, तळाचा गाळ मिथिलीन ब्लूने रंगवून पाहायचा आणि पिल्लाची लांबी, डोक्याचा आकार, शेपटी मोजून जात ओळखायची. सगळ्याच खासगी दवाखान्यांत हे होत नाही. नमुना प्रयोगशाळेत पाठवायची विनंती करा. मुंबईचं परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, अशा ठिकाणी परजीवीशास्त्राचा विभाग असतो, तिथलं मार्गदर्शन डॉक्टर घेऊ शकतात. रक्त शक्यतो संध्याकाळी द्या. या जंताची पिल्लं संध्याकाळी आणि रात्री वरच्या रक्तात जास्त येतात.

स्लाइडवर पिल्लं दिसताहेत आणि अँटिजेन किट मात्र निगेटिव्ह, असं झालं तर नाशिकमध्ये रिपेन्स किंवा अ‍ॅकँथोकायलोनेमा असण्याचीच शक्यता जास्त. अशा वेळी हार्टवर्मचा जड उपचार सुरू करू देऊ नका. आधी जात ठरवा. उलटही होतं: किट पॉझिटिव्ह, पण स्लाइड कोरी. तेव्हा दुसऱ्या कंपनीच्या किटवर पुन्हा तपासा आणि इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, धमन्या बघून घ्या. एका रेघेवर कुणी इंजेक्शनं सुरू करू नयेत.

दुसरी पायरी: महिन्याचं औषध

हार्टवर्म रोखणारी औषधं एकाच कुळातली: आयव्हरमेक्टिन, मिल्बेमायसिन, मॉक्सिडेक्टिन, सेलामेक्टिन. पहिली दोन तोंडाने, सेलामेक्टिन मानेच्या मागे कातडीवर टाकायचं, मॉक्सिडेक्टिन बहुतेक इमिडाक्लोप्रिडबरोबर तसंच कातडीवर. पाकिटावर यांपैकी एकही नाव नसेल तर ते औषध हार्टवर्मचं नाही, मग वर चित्र कसलंही असो. फसगत होते ती इथेच. फिप्रोनिलचे थेंब गोचीड-पिसवांचे. नेक्सगार्ड आणि ब्रॅव्हेक्टो गोचीड-पिसवांच्याच. नेक्सगार्ड स्पेक्ट्रात मात्र मिल्बेमायसिन असतं, म्हणून एका शब्दाचा फरक बघून घ्यायचा. आणि दर तीन महिन्यांनी देतो ती पोटातल्या जंतांची गोळी, प्राझिक्वांटेल-पायरँटेलवाली, ती आतड्यापुरती. ‘आमचं डीवर्मिंग वेळेवर असतं’ म्हणणाऱ्या कितीतरी घरांत हार्टवर्मसाठी काहीच चालू नसतं.

गोळी वजनावर ठरते, आणि घरातला अंदाज बहुतेक चुकलेला असतो. कुत्र्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहा, मग एकट्याने उभं राहा, वजाबाकी करा. चाळीस किलोचा रॉटवायलर उचलता येत नसेल तर दवाखान्यात काटा असतो. भुसार दुकानदारही सहसा नाही म्हणत नाही. पिल्लू वाढत असेल तर दर महिन्याला वजन. मोठ्या कुत्र्याची चघळायची गोळी स्वस्त पडते म्हणून आणून दोन छोट्या कुत्र्यांत तोडून देऊ नका. औषध गोळीत सगळीकडे सारखं पसरलेलं असेलच असं नाही. ज्या कुत्र्याला फिट येतात त्याच्या बाबतीत गोचिडीचं औषध मिसळलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, कारण त्यांतल्या अफॉक्सोलेनरच्या कुळातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येतात.

गोळी देताना समोर उभं राहा. जरा वेळाने सोफ्याखाली थुंकलेली गोळी सापडणं, हा लॅब्रेडॉर सोडून बाकी सगळ्या जातींचा छंद. दोन तासांच्या आत उलटी झाली तर डॉक्टरांना फोन करून दुसरी द्यायची का ते विचारा.

तारीख विसरायची नसेल तर मोबाइलमध्ये लावा. ज्या घरात संकष्टी पाळतात तिथे त्याहून सोपं आहे: दोन संकष्ट्यांमधलं अंतर 29-30 दिवसांचं, औषधाला अगदी बरोबर. कुत्र्याला उपास नसतो, तेव्हा गोळी सकाळीच देऊन टाकावी.

खाडा पडला तर? कळल्या क्षणी गोळी द्या, पुढच्या तारखेची वाट बघू नका. दोन-तीन महिन्यांचा खाडा झाला असेल तर डॉक्टरांना सांगून पुन्हा सुरू करा आणि त्यानंतर सहा महिन्यांनी रक्त तपासा. नव्याने सुरू केलेल्या मोठ्या कुत्र्याचीही सहा महिन्यांनी एक फेरतपासणी करायची आणि मग वर्षातून एकदा. लसीकरणाच्या भेटीलाच हे रक्त देऊन टाकलं की वेगळी खेप पडत नाही.

गुरांचं आयव्हरमेक्टिन: नाही म्हणजे नाही

यावर जरा थांबायला हवं, कारण जिल्ह्यात गुरंही आहेत आणि ही बाटली सहज मिळते. कुणी खरजेसाठी टोचतं, कुणी गोचिडांसाठी, कुणी ‘हार्टवर्मलाही चालतं’ म्हणून. चालतं हे खरं, पण किती ते पाहा. हार्टवर्म रोखायला लागतं किलोला 6 मायक्रोग्रॅम. दहा किलोच्या कुत्र्याला 60 मायक्रोग्रॅम. गुरांच्या 1 टक्क्याच्या बाटलीत दर मिलीला 10 मिलिग्रॅम, म्हणजे 10,000 मायक्रोग्रॅम. म्हणजे तुम्हाला हवंय 0.006 मिली. इन्शुलिनच्या 40 युनिटवाल्या सिरिंजवरची एक बारीक रेघसुद्धा 0.025 मिलीची, याच्या चौपट. हाताने हे मोजता येत नाही. अंदाजाने अर्धा मिली टोचला तर तो गरजेच्या 80 पटींहून जास्त झाला.

कॉली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांच्यात आणि त्यांच्या संकरांत एमडीआर-1 नावाचा जनुकीय दोष बराच आढळतो, काही जर्मन शेफर्डमध्येही. अशा कुत्र्यात मोठा डोस थेट मेंदूत पोचतो: लाळ, झोकांड्या, आंधळेपणा, बेशुद्धी. महिन्याच्या गोळीतला छोटा डोस त्यांनाही चालतो. प्रश्न सिरिंजचा आहे. आणि अंगात मायक्रोफायलेरिया असतील तर कुठल्याही जातीला मोठ्या डोसने मघाशी सांगितलेला शॉक बसू शकतो. खरजेसाठी डॉक्टर आयव्हरमेक्टिन देणार असतील तर ‘हार्टवर्मचं बघितलंय का?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका.

तिसरी पायरी: डास

गोळी चालू असली तरी डास कमी केलेले बरे. रिपेन्स माणसालाही लागतो, त्यामुळे हे काम नुसतं कुत्र्यासाठी नाही. पावसाळ्यात अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. कूलरचं पाणी, कुंड्यांखालच्या ताटल्या, मनीप्लांटच्या बाटल्या, गच्चीवरचे टायर, आणि कुत्र्याचं स्वतःचं पाण्याचं भांडं: सगळं ओतून, घासून उन्हात. घासणं महत्त्वाचं, एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात.

बंगल्यांमध्ये सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे सेप्टिक टँकचा हवेचा पाइप. क्युलेक्सला घाण पाणी आवडतं आणि संध्याकाळी त्या पाइपातून डासांचे थवे बाहेर पडतात. पाइपच्या तोंडावर नायलॉनची बारीक जाळी ताराने आवळून बांधा. खर्च किरकोळ, आणि महापालिकेच्या धुरळणीपेक्षा फायदा जास्त, कारण धुराने त्या वेळी उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना तो पोचतच नाही.

द्राक्षबागेवर प्रश्न वेगळा. फवारणीचं द्रावण कालवायचे ड्रम, वापर नसलेला हौद, गळक्या व्हॉल्व्हखालचं डबकं. ड्रम पालथे घाला, हौदात आणि शेततळ्यात गप्पी मासे सोडा. राखणीचा कुत्रा रात्रभर बाहेरच राहणार असेल तर त्याची गोळी घरातल्या लाडक्यापेक्षा जास्त गरजेची आहे. प्रत्यक्षात नेमकं उलटं होतं.

कुत्र्याच्या अंगावर टाकायचे परमेथ्रिनचे थेंब डासांना दूर ठेवतात, पण घरात मांजर असेल तर ते आणूच नका. मांजराला परमेथ्रिन जीवघेणं असतं. माणसांची डासांची क्रीम, कापूर घातलेलं तेल, टी ट्री तेल हे कुत्रा चाटतो, म्हणून नको. कडुनिंबाचा धूर घाला हवा तर, पण गोळीऐवजी नाही.

लक्षणं

पहिले कित्येक महिने काहीच दिसत नाही. मग कोरडा खोकला, विशेषतः पळाल्यावर. सोमेश्वरपर्यंत आनंदाने येणारा कुत्रा अर्ध्या वाटेत बसतो. वजन उतरतं, केस निस्तेज होतात. पुढे धाप, चक्कर येऊन पडणं, पोटात पाणी होऊन पोट सुटणं. बारीक अंग आणि फुगलेलं पोट एकत्र दिसलं तर ‘सुटलाय जरा’ म्हणून सोडू नका.

खोकल्याची बाकी कारणं नाशिकमध्ये जास्त वेळा सापडतात: केनेल कफ, म्हाताऱ्या पॉमेरेनियनच्या हृदयाची झडप, श्वासनलिका चपटी होणं. त्यामुळे डॉक्टर एक्स-रे नि इको मागतील तेव्हा कुरकुर नको. एका प्रसंगात मात्र रात्र काढायची नाही: कुत्रा अचानक कोसळला, हिरड्या पांढऱ्या आणि लघवी गडद तांबडी ते कॉफीच्या रंगाची. जंतांचा गुंता हृदयाच्या उजव्या बाजूला अडकून रक्ताची वाट अडवली की असं होतं. त्यावर इलाज एकच, मानेच्या शिरेतून चिमट्याने जंत ओढून काढणं, आणि त्याची सोय मोठ्या शहरातच. गोचीड-तापातल्या बॅबेसियानेही लघवी अशीच होते. दोन्हींत दवाखाना तातडीचाच.

चौथी पायरी: जंत निघाला तर

सगळ्यात आधी हे समजून घ्या की जंत मारणं अवघड नाही, मेलेला जंत अवघड असतो. धमनीत मेलेल्या जंताचे तुकडे रक्ताबरोबर फुफ्फुसाच्या बारीक वाहिन्यांत जाऊन अडकतात. म्हणून सगळा उपचार ‘हळूहळू आणि थोडे थोडे’ या तत्त्वावर बेतलेला असतो.

अमेरिकन हार्टवर्म सोसायटीची पद्धत जगभर प्रमाण मानतात. पहिल्या दिवसापासून पळणं-खेळणं बंद आणि महिन्याचं प्रतिबंधक औषध सुरू, पहिला डोस देताना दवाखान्यात नजरेखाली. डॉक्सीसायक्लिन किलोला 10 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 28 दिवस. हे प्रतिजैविक जंताला थेट मारत नाही. जंताच्या अंगात वोल्बाकिया नावाचे जिवाणू असतात, त्यांना मारतं. त्यांच्याशिवाय जंत दुबळा होतो आणि मरताना दाहही कमी करतो. मग महिनाभर थांबून, साधारण 60 व्या दिवशी मोठे जंत मारणाऱ्या मेलारसोमिनचं पहिलं इंजेक्शन, किलोला 2.5 मिलिग्रॅम, कमरेच्या स्नायूत खोल. पुन्हा महिन्याने, 90 व्या आणि 91 व्या दिवशी, आणखी दोन. प्रत्येक वेळी बरोबर दाह कमी करणारं प्रेडनिसोलोन, उतरत्या डोसात.

अडचण अशी की मेलारसोमिन भारतात सहज मिळत नाही. ते मिळणार नसेल तर डॉक्टर बहुधा मॉक्सिडेक्टिन-डॉक्सीसायक्लिनची पद्धत सुचवतील: मॉक्सिडेक्टिन-इमिडाक्लोप्रिडचे थेंब दर महिन्याला आणि डॉक्सीसायक्लिनचा वरचाच कोर्स. जंत हळूहळू, महिनोन् महिने घेऊन मरतात. तेवढा काळ धमन्यांची झीज चालू राहते आणि विश्रांतीही तेवढीच लांबते. दुसरा मार्ग नसताना ती चांगलीच आहे. नुसती आयव्हरमेक्टिनची गोळी देत वर्ष-दोन वर्षं वाट बघायची जुनी पद्धत मात्र आता कुणी सुचवू नये.

डॉक्सीसायक्लिन रिकाम्या पोटी दिलं की कुत्रा ओकतो. आपल्याकडे गोळी हमखास दहीभातात किंवा पनीरमध्ये लपवतात. या गोळीला ते नको, दुधातल्या कॅल्शियमने औषध कमी शोषलं जातं. चिकनच्या तुकड्यात, अंड्यात किंवा रश्शात भिजवलेल्या भाकरीच्या घासात द्या. रश्शात कांदा-लसूण नसावा. वर थोडं पाणी पाजा, गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. अ‍ॅस्पिरिन स्वतःहून देऊ नका.

विश्रांती: औषधाइतकीच मोठी गोष्ट

इंजेक्शननंतर सर्वांत धोक्याचे दिवस म्हणजे सातवा ते दहावा, आणि चार आठवडे सांभाळायचे. जोरात पळालं की हृदय जास्त रक्त ढकलतं आणि मेलेल्या जंताचे तुकडे पुढे सरकतात. शेवटच्या इंजेक्शननंतर सहा ते आठ आठवडे कुत्रा पट्ट्याशिवाय सोडायचा नाही, अंगणातसुद्धा.

फ्लॅटमध्ये हे कसं जमवायचं? मोठा पिंजरा किंवा एक छोटी खोली, दाराला लहान मुलांचं गेट. लघवी-संडासपुरतं पट्ट्यावर खाली, तेही लिफ्टने. इंदिरानगर-सिडकोच्या बिनलिफ्टच्या इमारतींत लहान कुत्रा उचलून न्या, मोठ्यासाठी तेवढे दिवस तळमजल्यावरच्या कुणाकडे सोय होते का पाहा. बेल वाजली की दाराकडे झेपावणाऱ्या कुत्र्यासाठी बेल बंद ठेवून दारावर ‘फोन करा’ अशी चिठ्ठी. कंटाळा घालवायला खाणं भांड्यात न देता गोठवलेल्या चघळायच्या खेळण्यातून किंवा गुंडाळलेल्या टॉवेलमधून शोधायला द्या. उपचाराच्या तारखा ठरवताना पंचांगही बघा: इंजेक्शननंतरचा दुसरा आठवडा दिवाळीच्या फटाक्यांत किंवा गणपतीच्या ढोल-ताशांत आला तर शांत राहायला गोळी लागेल, त्यापेक्षा डॉक्टरांना विचारून तारीखच मागे-पुढे करा.

या काळात खोकल्याबरोबर रक्त आलं, ताप चढला, बसून मान लांब करून श्वास घेऊ लागला तर लगेच फोन. पहिल्या इंजेक्शनच्या जागी सूज नि दुखणं काही दिवस असतं, त्याने घाबरू नका.

नंतरच्या तपासण्या

मेलारसोमिनच्या शेवटच्या इंजेक्शननंतर महिन्याने मायक्रोफायलेरिया, नऊ महिन्यांनी अँटिजेन. नऊच्या आत किट पॉझिटिव्ह आली तर अपयश समजू नका, मेलेल्या जंतांचं प्रथिन रक्तातून निघून जायला वेळ लागतो. मॉक्सिडेक्टिनच्या पद्धतीत दर सहा महिन्यांनी अँटिजेन, ओळीने दोन निगेटिव्ह येईपर्यंत. बरा झालेला कुत्रा डास पुन्हा चावल्यावर पुन्हा आजारी पडू शकतो, म्हणून महिन्याचं औषध चालूच.

मांजरांना हा जंत क्वचित होतो, पण मेलारसोमिन त्यांना देत नाहीत. त्यांच्यासाठी प्रतिबंध एवढाच मार्ग. माणसात हार्टवर्म वाढून पिल्लं घालत नाही. रिपेन्स मात्र कातडीखाली किंवा डोळ्यात सापडल्याची उदाहरणं भारतात आहेत, आणि तेही डासामुळे. घरातल्या कुत्र्याला चाटू दिल्याने त्यातलं काही होत नाही.

बदली किंवा घर बदलायचं असेल तर तपासण्यांचे रिपोर्ट, शेवटच्या गोळीची तारीख आणि औषधाच्या पाकिटाचा फोटो लसीच्या वहीतच चिकटवून द्या. नव्या गावातल्या डॉक्टरांना पहिल्या भेटीत हेच तीन कागद लागतात.